बुलेटचा साज

(तृतीय वर्ष, कला)

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे हळद-लोणी लावून मळायचे. दुसऱ्या दिवशी बैल ओढ्यावर नेऊन धुवायचे, शिंगे तासून त्यांना हिंगूळ आणि बेगड लावायचे, टोकांना पितळी शेंब्या, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. भूम तालुक्यातल्या आमच्या गावी हा क्रम अद्याप चुकलेला नाही. बैलजोड्या मात्र कमी झाल्या आहेत. गेल्या पोळ्याला आण्णा बैल धूत होते आणि मी शेजारीच बादली घेऊन बुलेट धूत होतो. ओसरीवरून आजी म्हणाली, “तुझ्या बैलाला शेंब्या न्हाईत का रं?” सगळे हसले. मीही हसलो. पण पुढे हा लेख लिहायला बसलो तेव्हा आजीचा तोच प्रश्न पुन्हा आठवला, कारण त्यात या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. जे आपल्याला वाहून नेते, त्याला माणूस सजवतो. पूर्वी ते बैल होते, मग छकडा व दमणी आली, आज मोटारसायकल आहे.

प्रस्तुत लेखात मोटारसायकलच्या या साजाचा, म्हणजे सायलेन्सरची नळी, जोडसामान व रंग या तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. विषय आमच्या अभ्यासक्रमातला नाही, हे मान्य. परंतु महाविद्यालयाच्या वाहनतळावर पाच मिनिटे उभे राहिल्यास आपल्या पिढीचे कलाविषयक मत जितके कळते, तितके सौंदर्यशास्त्राच्या तासाला कळत नाही. गुरुजनांनी एवढा विनोद पोटात घालावा.

प्रथम ‘क्रूझर’ या शब्दाविषयी. लांब पल्ल्यावर संथपणे, ऐसपैस बसून जाण्यासाठी जी मोटारसायकल घडवली जाते तिला क्रूझर म्हणतात. बैठक बुटकी, हँडल रुंद आणि मागे ओढलेले, पाय पुढे ठेवायचे, पुढचा काटा अधिक तिरका, त्यामुळे दोन चाकांतले अंतर जास्त. हा घाट मुख्यतः अमेरिकेतला. तिकडे मैलोन्‌मैल सरळ रस्ते, त्यावर हार्ले-डेव्हिडसनसारख्या जड गाड्या. त्याच गाड्या कापून, काटा आणखी लांब करून ‘चॉपर’ नावाचा प्रकार तिथल्या तरुणांनी काढला आणि १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने तो जगभर पोचवला. काटा तिरका केला की गाडी सरळ रस्त्यावर स्थिर धावते, पण वळवायला जड होते. भूमच्या आठवडी बाजारातून अशी गाडी काढायची म्हणजे नांगराची जोडी माजघरात वळवण्यासारखे आहे.

आपल्याकडे कारखान्यातूनच क्रूझर म्हणून बाहेर पडलेल्या गाड्या अलीकडच्या. बजाजने कावासाकीच्या सहकार्याने काढलेली एलिमिनेटर २००१ ची, तिच्याच घाटाची अव्हेंजर २००५ ची. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड २००२ ची आणि मीटिऑर २०२० ची. परंतु आपल्या भागात या मानाच्या जागेवर खरी बसली ती बुलेटच. एनफिल्ड इंडिया ही कंपनी १९५५ साली मद्रासमध्ये सुरू झाली, लष्कर व पोलीस हे तिचे आरंभीचे मोठे गिऱ्हाईक. इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, मद्रासची मात्र चालू राहिली. म्हणजे साहेबाने टाकून दिलेले यंत्र आपण पन्नास वर्षे अधिक चालवले! गावात बुलेट म्हणजे पाटलाच्या नाहीतर फौजदाराच्या दारात उभी असणारी वस्तू, ही जी एक समजूत तयार झाली तिचे मूळ या इतिहासात आहे. बाकीच्यांकडे एस्कॉर्ट्सची राजदूत असे. दुधाचे कॅन लटकवण्यासाठी तिला दोन्ही बाजूंनी लोखंडी सांगाडा वेल्ड केलेला. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात राजदूतचीच एक ठेंगणी गाडी झळकली, तिला लोक आजही ‘बॉबी’च म्हणतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा व पुढे येझदी तिसरी. परवाना आणि प्रतीक्षायादीच्या त्या काळात गाडी एकदाच घ्यायची आणि ती आयुष्यभर वापरायची असल्याने प्रत्येकजण तिला थोडीफार आपल्यासारखी करून घेई. टाकीवर रेक्झिनचे कव्हर, हँडलच्या मुठींना प्लॅस्टिकच्या रंगीत झिरमिळ्या, मागच्या मडगार्डावर ‘आईचा आशीर्वाद’. माझ्या मते महाराष्ट्रातील गाडीसजावटीचा इतिहास इथूनच लिहावा लागेल; खव्याची व दुधाची राजदूत ही आमच्या भूम-वाशी भागातली पहिली घडवून घेतलेली मोटारसायकल.

शहरात या छंदाचा व्यवसायही झाला. मुंबईत अक्षय वर्दे यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतःच्या आडनावावरूनच ‘वर्देंची’ हे नाव घेऊन बुलेटच्या इंजिनाभोवती नव्या घाटाच्या चॉपर गाड्या बांधावयास सुरुवात केली. ‘वर्देंची’ हे मराठी षष्ठीचे रूप परदेशी कंपनीसारखे ऐकू येते, याची मला मोठी गंमत वाटते. व्याकरणाच्या सरांना हे उदाहरण सप्रेम भेट.

आता माझ्या गाडीविषयी. माझे चुलते नाना यांनी १९९४ साली ३५० ची बुलेट घेतली. काळी, ओतीव लोखंडाचे इंजिन, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. नाना वारल्यावर ती चार वर्षे गोठ्याच्या भिंतीला टेकून होती. मी द्वितीय वर्षात असताना ती बाहेर काढली आणि धाराशिवला खोलीवर आणली. पुढे जे शिकलो ते या एका गाडीवर शिकलो. त्यातील काही फार महाग पडले.

नळी

बुलेटचा आवाज हा विषय निघाला की माणसे भावुक होतात. त्या आवाजामागे कोणतीही जादू नसून साधा हिशेब आहे. त्या इंजिनाला एकच सिलिंडर. त्याचा व्यास ७० मिलीमीटर, आणि दट्ट्या ९० मिलीमीटर वर-खाली जातो. गुणाकार केला की ३४६ घनसेंटीमीटर येतात. चार-ठोक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोलचा स्फोट होतो. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर स्फोट झाले ४५०, म्हणजे सेकंदाला साडेसात. कान एवढे ठोके वेगवेगळे ऐकू शकतो. त्यात लांब पल्ल्याचा दट्ट्या आणि जड फ्लायव्हील, त्यामुळे इंजिन इतक्या कमी फेऱ्यांवर बंद न पडता रेंगाळू शकते. तीच आपली ‘धडधड’. लहान गाड्यांचे इंजिन उभ्या जागी याहून भरभर फिरते, म्हणून त्यांचे ठोके एकमेकांत मिसळून नुसती भुणभुण ऐकू येते. सांगायचे एवढेच, की धडधड इंजिनातून येते. सायलेन्सर फक्त ती किती बाहेर जाऊ द्यायची ते ठरवतो.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. आवाज नळीत असतो, अशी माझी समजूत. बाजारात या नळ्यांची नावे पदार्थांसारखी आहेत : इंदोरी, पंजाब, डॉल्फिन, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, मेगाफोन. सणाच्या आधी मी दीड हजार रुपये देऊन एक आखूड नळी बसवून घेतली. मूळ सायलेन्सर लांब व गंजका होता, तो मिस्त्रींनी ‘ठेवायचाय का?’ असे विचारल्यावर मी ‘भंगारात टाका’ असे ऐटीत सांगितले. ही माझी पहिली चूक. तिच्याकडे पुन्हा येऊ.

सायलेन्सरच्या पोटात काय असते? स्फोटानंतर निघणारा वायू मोठ्या दाबाने एक्झॉस्ट व्हाल्व्हमधून सुटतो. तो थेट बाहेर सोडला तर प्रत्येक ठोका बंदुकीसारखा वाजेल. म्हणून त्याला आधी एका रुंद पोकळीत पसरू देतात, मग पडदे आणि बारीक छिद्रांच्या नळ्यांतून फिरवतात. ध्वनीच्या लहरी त्या पडद्यांवर आपटून परत येतात आणि येणारी लहर व जाणारी लहर एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. काही नळ्यांत ग्लासवूल भरलेले असते, ते उरलासुरला आवाज पिते. बाजारातल्या अनेक आखूड नळ्यांच्या पोटात मात्र एक सरळ भोकांची नळी आणि थोडेसे ग्लासवूल, एवढेच असते. ते दोन-चार महिन्यांत जळून उडाले की उरतो तो कर्णा.

“आवाज वाढला की ताकद वाढते” हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या बाकड्यावर ऐकावयास मिळते. त्यात सत्यांश आहे, पण तो शर्यतीच्या गाडीपुरता. वायू मोकळा निघाला तर इंजिन अधिक श्वास घेऊ शकते हे खरे, परंतु त्याबरोबर कार्बोरेटरमधून पेट्रोलही त्या मानाने वाढवावे लागते, त्याची जेट बदलावी लागते. नुसती नळी बदलली तर हवा जास्त, पेट्रोल कमी, असे हलके मिश्रण जळते. इंजिन तापते, स्पार्क प्लगचे टोक तपकिरीऐवजी राखेसारखे पांढरे होते, आणि गिअर उतरवताना नळीत पटपट फुटाणे फुटतात. लोक त्यालाच दम समजतात. माझी गाडी येडशीच्या चढाला आधी तिसऱ्या गिअरमध्ये जात असे, ती नळी बदलल्यावर दुसऱ्यात आणावी लागू लागली. मी मित्रांना हे सांगितले नाही. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांचे तर प्रकरण आणखी नाजूक आहे. त्यांच्या नळीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. नळी काढली की इंजिनाचा मेंदूच गोंधळतो.

यापुढचा प्रकार म्हणजे ‘फटाका’. धावत्या गाडीची चावी क्षणभर बंद करायची, अॅक्सिलरेटर उघडाच ठेवायचा. ठिणगी बंद असल्याने पेट्रोल न जळताच तापलेल्या नळीत जाऊन साठते. चावी पुन्हा चालू केली की पहिल्याच ज्वाळेबरोबर ते नळीत पेटते आणि बॉम्ब फुटल्यासारखा आवाज होतो. हे करायला कौशल्य लागत नाही. मी पहिल्याच दिवशी शिकलो.

माघ संपत आला होता. ज्वारी काढून झाली होती, रानातून कडबा घरी येत होता. मी मित्राला मागे बसवून गावी निघालो होतो. गावाच्या अलीकडे कालव्याच्या कडेने एक कडब्याची गाडी चालली होती. कडबा एवढा उंच, की बैल दिसत नव्हते आणि हाकणारा तर मुळीच नाही. मित्र म्हणाला, “एक वाजव.” मी वाजवला.

ती आमचीच गाडी होती. बैल उधळले, डावे चाक चारीत गेले आणि कडब्यासकट गाडी कलंडली. आण्णा खाली. आम्ही दोघांनी पेंढ्या उपसल्या तेव्हा ते शुद्धीवर होते. उजवे मनगट मोडले होते. उजव्या बाजूच्या बैलाचा गुडघा सोलून हाड दिसत होते. बार्शीला हाडाच्या डॉक्टरांकडे नेले, प्लॅस्टर झाले, सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत धारा आई काढी, चारा मी टाकी आणि सकाळच्या गाडीने कॉलेजला येई. आण्णा मला रागावले नाहीत. तिसऱ्या का चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एवढेच विचारले, “ती नळी केवढ्याला पडली?” मी सांगितले. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “डॉक्टरची पहिली फीच तेवढी झाली.”

बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळही वाजतेच. पण ती वाजते बैलाच्या चालीने, आणि रात्री अंधारात समोरच्याला गाडी येते आहे हे कळावे यासाठीही. तिने दुसऱ्याचा बैल बुजत नाही.

नळीविषयी कायदा काय सांगतो हे मी त्यानंतर वाचले. आधी वाचले असते तर बरे झाले असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. दुचाकींसाठी २००३ पासून लागू झालेल्या मर्यादा इंजिनाच्या आकारानुसार होत्या : ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ पर्यंत ७७, त्यापुढे ८०. ही मोजणी कंपनीने ठराविक अंतरावरून, ठराविक पद्धतीने करावयाची असते. डेसिबलचा हिशेब मात्र आपल्या साध्या बेरजेचा नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ८० ऐवजी ९५ झाले तर ‘पंधराने वाढले’ असे नसून ऊर्जा तीसपटीहून अधिक झाली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथे आणखी पाच कमी. या आकड्यांशेजारी आपली नळी ठेवून पाहावी.

दंडाचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाचा नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाने बेकायदा फेरफार केल्यास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या नळ्या रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोड रोलर फिरवला आहे. ते दृश्य लोक टाळ्या वाजवून पाहतात. मला त्यात थोडे अर्धवट वाटते. नळी विकणारे दुकान उघडे असते आणि तीच नळी बसवणारा पोरगा चौकात सापडतो.

जोडसामान

याबद्दल थोडक्यात. कारण इथे कल्पकता कमी आणि खरेदी जास्त असते. लेगगार्ड, पाठटेकू, बाजूच्या कातडी पिशव्या, उंच काच, जादा दिवे, आणि हँडलवर घुमटदार आरसे. यांतील पिशव्या व पाठटेकू उपयोगी आहेत. जादा दिव्यांनी समोरच्याचे डोळे दिपतात. आपल्या एकपदरी रस्त्यांवर तो समोरचा बहुधा सायकलवाला असतो. अनेक सुरांचे भोंगे नियम ११९ प्रमाणे निषिद्ध आहेत. रुंद टायर बसवताना तो चेनला घासत नाही ना, हे मिस्त्री पाहतोच असे नाही. हँडल उंच केले की क्लच व ब्रेकच्या केबली अपुऱ्या पडतात, आणि मग वळण घेताना गाडी आपोआप वेग घेते, कारण ताणलेली केबल स्वतःच अॅक्सिलरेटर ओढते. हे ऐकीव नाही.

एका वस्तूबद्दल मात्र आग्रहाने लिहावेसे वाटते. ती म्हणजे साडीगार्ड. क्रूझरसारखी सडपातळ दिसावी म्हणून पोरे पहिल्यांदा तीच जाळी काढून टाकतात. नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण आवश्यक आहे, जेणेकरून कपडा आरीत अडकू नये. आपल्याकडे आई, मावशी, आजी अजून एका बाजूला पाय टाकून बसतात. नवरात्रात तुळजापूरला निघालेल्या गाड्या पाहा, पदर वाऱ्यावर आणि चाक उघडे. जाळी कुरूप दिसते म्हणणाऱ्याने ती सुबक करून घ्यावी. मी नानांच्या गाडीची जाळी निकेल करून आणली, आणि मला विचाराल तर गाडीवरचा तोच सर्वांत देखणा नग आहे.

नंबरप्लेटची कला हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. २१४ चे ‘राम’ आणि इंग्रजी अंकांतल्या ८०५५ चे ‘बॉस’ करणाऱ्या पेंटरांच्या अक्षरदृष्टीचे मला कौतुकच वाटते. पण नियम ५० व ५१ मध्ये अक्षरांचा आकार आणि उंची ठरलेली असून, आता उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाल्याने ही कला अस्तास गेली असे समजावे. आमच्या जिल्ह्याच्या एमएच २५ मागे काय काय लिहिले जात असे, ते कुणीतरी संग्रहित करून ठेवायला हवे होते.

रंग

मनगटाचे प्लॅस्टर निघाले त्या आठवड्यात मी नळी काढली. मूळ सायलेन्सर भंगारात गेलेला, म्हणून सोलापूरच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून दोन फेऱ्यांनी एक लांब सायलेन्सर मिळवला. पोटात एक भोक होते, ते गॅस वेल्डिंगने बुजवले. येडशीचा चढ पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये आला. मग उरला रंग.

मला लष्करी हिरवा हवा होता. बुलेटला तो शोभतो, आणि तशा गाड्या रस्त्यावर दिसतातही. पण नियम १२१ मध्ये स्पष्ट आहे की संरक्षण खात्याची वाहने सोडून कोणतेही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवू नये. शिवाय गाडीच्या आर.सी. पुस्तकात रंग नोंदलेला असतो. तो बदलायचा तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात हे कलम काटेकोरपणे वाचले. माझी गाडी पंधरा वर्षे ओलांडलेली, दर पाच वर्षांनी तिचे पासिंग होते. तेव्हा काळाच ठरला. नानांनी काळीच घेतली होती.

रंगकामात डोळ्यांना दिसतो तो शेवटचा हात. खरे काम त्याच्या खाली असते. टाकी उतरवून आधी पेट्रोल पूर्ण काढायचे, पाण्याने धुऊन उन्हात दोन दिवस उघडी ठेवायची. वाफ उरली असेल तर वेल्डिंगच्या ठिणगीने टाकी फुटते. मग जुना रंग खरवडायचा. आमच्या टाकीवर काळ्याखाली गंज आणि गंजाखाली एक पोचा निघाला. तो नानांनी परांड्याच्या रस्त्यावर गाडी पाडली तेव्हाचा, असे आण्णांनी सांगितले. पोचा ठोकून वर आणला, उरलेल्या खोलगटात लांबी भरली, वाळल्यावर पाणी लावून वॉटर पेपरने घासली. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग आणखी बारीक. बोटांची कातडी गुळगुळीत होईपर्यंत. त्यावर प्रायमर, पुन्हा घासणे, मग कॉम्प्रेसरच्या पिस्तुलाने रंगाचे पातळ हात. जाड एक हात दिला की रंग ओघळतो. पातळ चार हात दिले तर बसतो. हवेत दमट असेल त्या दिवशी लॅकर रंग मारला तर त्यावर दुधासारखी पांढुरकी साय धरते, म्हणून पावसाळ्यात चांगला पेंटर काम घेत नाही. रंगाच्या वाफा छातीला घातक. तोंडाला साधा रुमाल बांधून काम करणारी पोरे पाहिली की धास्ती वाटते.

काळा रंग झाला, पण बुलेटच्या टाकीला सोनेरी रेघ नसेल तर ती पोरकी दिसते. कंपनीत या रेघा वर्षानुवर्षे हातानेच ओढल्या जात, छापून नव्हे. आजकाल बाजारात स्टिकरची रेघ मिळते. मी मिस्त्रींच्या सांगण्यावरून धाराशिवमधल्या एका वयस्क पेंटरकाकांकडे गेलो. त्यांचे सारे आयुष्य दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, शाळांवरचे सुविचार आणि टेम्पोंच्या मागची वाक्ये रंगवण्यात गेले. फ्लेक्स आला आणि तीन-चार वर्षांत त्यांचे काम आटले. आता घराच्या नावाची एखादी पाटी आली तर करतात.

त्यांनी टाकी मांडीवर घेतली. आधी तिच्यावरून नुसताच हात फिरवला, आंधळा माणूस चेहरा ओळखतो तसा. लांब केसांचा बारीक कुंचला काढला. केस बोटाएवढे लांब, कारण रंग त्या केसांत साठून राहिला तरच रेघ मध्येच तुटत नाही. सोनेरी पावडर वार्निशमध्ये कालवली. खडूची खूण नाही, पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. करंगळी टाकीच्या कडेला टेकवून त्यांनी श्वास रोखला आणि टाकीच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या वळणापर्यंत एका दमात रेघ ओढली. मग श्वास सोडला. पुन्हा रोखला, आणि परतीची रेघ. मी विचारले, “काका, मनगट हलवायचं नाही का?” ते म्हणाले, “मनगट बांधलेलं समजायचं. खांदा हलवायचा.” प्लॅस्टरमधले आण्णांचे मनगट माझ्या डोळ्यांपुढे आले, पण ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

डाव्या बाजूला, झाकणाच्या खाली, रेघ केसभर हलली आहे. बाहेर कोणीतरी जोरात हॉर्न दिला होता. काका म्हणाले, “पुसून पूर्ण रेघ नव्याने मारावी लागेल, मधलाच तुकडा होत नाही.” मी नको म्हणालो. त्यांनी साठ रुपये सांगितले, मी शंभर दिले, त्यांनी चाळीस परत केले.

आता गाडी गावी ओसरीसमोर उभी आहे. आजीने रेघ पाहून ‘बेगड बरी लावलीस’ एवढाच शेरा दिला. बैलाचा गुडघा भरून आला, पण तिथले केस पांढरे उगवले आहेत. आण्णा अद्याप मागे बसत नाहीत. भूमला जायचे असले की एस.टी.ने जातात. पासिंग नोव्हेंबरात आहे, त्याच्या आत मागच्या मडगार्डाला लाल रिफ्लेक्टर लावायचा राहिला आहे, तो बार्शीहून आणावा लागेल.